माठाखालची वाळू

दिवस पहिला : सुरत, नवापूर, प्रकाशा

निघायच्या आदल्या रात्री मायचा फोन आला. गाडी कितीची, जावयांना सुट्टी मिळाली का, पोरगी त्यांच्यासोबत येतेय ना, सगळं विचारून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "येतांना नदीवरनी थोडी रेती लई येजो, माठखाले टाकाले." मागच्या वर्षीची वाळू भाऊने ओट्याच्या कामात सिमेंटात कालवून टाकली म्हणे.

मला हसूच आलं. लग्न होऊन सुरतला आले त्याला वीस वर्षं होतील. पोटासाठी लग्नं-बारशांचे फोटो काढते आणि रविवारी उजाडायच्या आत डुमसच्या किनाऱ्यावर असते. लाटेने मागे ठेवलेल्या रेघा, खेकड्यांनी बिळाबाहेर मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या, ओहोटीला लांबवर सरकणारा समुद्र आणि मागे उरणारा चकचकीत चिखल, हेच फोटो मी परत परत काढते. शिवाय ती काळी वाळू. डुमस म्हटलं की लोक मला भुताखेतांच्या गोष्टी विचारतात. वाळू काळी का, हे विचारणारा अजून भेटायचाय.

एक सुरूचं झाड होतं तिथे. सात वर्षं त्याच झाडापाशी उभी राहून, त्याच दिशेला, दर दिवाळीनंतरच्या रविवारी मी एक फोटो काढत आले. मागच्या वेळी ते सगळे ओळीने लावून पाहिले. दर फोटोत मुळं थोडी जास्त उघडी. शेवटचा फोटो काढायला गेले तेव्हा टेकायला झाडच नव्हतं. आपल्याकडे हे एकट्या डुमसला घडतंय असं नाही. १९९० ते २०१८ या काळातल्या सरकारी मोजणीत देशाच्या किनाऱ्यापैकी एक तृतीयांश भाग झिजताना आढळला आहे. आम्ही काही जण महिन्यातून एकदा किनारा साफ करतो. गणपतीनंतरचं थर्माकोल, बाटल्या, चपला, एकदा तर अख्खी गादी. कचरा उचलला की बरं वाटतं, पण वाळू काही आपल्याला पोत्यात भरून परत आणून ठेवता येत नाही.

ती जाते कुठे याची चर्चा खूप होते. येते कुठून, हे बघायचं तर नदीच्या अंगाने वर जायला पाहिजे. आणि आमची तापी तर माझ्या माहेरावरूनच येते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, खान्देश ओलांडून सुरत, आणि डुमसजवळ समुद्र. एकूण ७२४ किलोमीटर. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पाच दिवस आधीच निघाले. घरच्यांना सांगितलं, तुम्ही मागून या.

पिशवीत कॅमेरा, मॅक्रो लेन्स, फिल्म रोलच्या जुन्या काळ्या डब्या सात, आणि बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक. एका डबीत डुमसची वाळू आधीच भरून घेतली होती. तुलनेला.

सकाळची भुसावळकडे जाणारी गाडी पकडली. या गाडीत सुरतपासूनच अहिराणी सुरू होते. उधना, लिंबायत, पांडेसरा इकडे राहणारे अर्धेअधिक आपलेच, आणि आखाजीच्या आठवड्यात तर विचारूच नका. सासरहून माहेरी निघालेल्या बाया, पोरं, गाठोडी, बादलीत घातलेले आंबे. उकाई-सोनगड स्टेशन आलं तशी मी खिडकीशी सरकले. धरण काही तिथून दिसत नाही, पण माझ्या सगळ्या प्रश्नाची भिंत तीच. १९७२ ला उकाई पूर्ण झालं. त्याच्या आधी, १९६८ च्या पुरात सुरत बुडालं होतं, त्यामुळे शहराला हे धरण हवंच होतं. फुगवटा मागे आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येतो, गावंच्या गावं उठली त्यात. पाण्याचा हिशोब सगळे ठेवतात. पाण्याबरोबर वाहत येणारी वाळू आणि गाळ मात्र भिंतीमागे बसतो, आणि धरणाची पोटजागा कमी होत जाते, एवढीच त्याची नोंद. पन्नास वर्षं झाली, खाली किनाऱ्यावर तो पोचलाच नाही, ही नोंद कोणाच्या वहीत?

तरी २००६ च्या ऑगस्टात पूर आलाच. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरात घोट्याएवढा गाळ. सगळे नाक धरून उपसत होते आणि मला त्या गाळाला आमच्या गावच्या नदीचा वास येत होता. सासूबाईंना बोलले नाही, वेड्यात काढलं असतं.

नवापूरला गाडी थांबली. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एक बाक असा आहे की एका माणसाचं ढुंगण दोन राज्यांत. पोरं त्यावर बसून फोटो काढतात. मीही काढला, एका आजीचा, तिला काही त्याचं नव्हतं, ती आपली भाकरी खात होती.

नंदुरबारला उतरले तेव्हा अकरा वाजले होते आणि ऊन चांगलंच पेटलं होतं. मिरचीचा हंगाम सरला तरी बाजाराच्या बाजूने ठसका लागतोच. शहाद्याच्या एसटीने प्रकाशाला. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, दक्षिण काशी म्हणतात. १९५५ च्या सुमारास इथे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे माणूस इथे तीन हजारांहून जास्त वर्षं पाण्याशेजारी राहतोय.

मला वाळू पाहिजे होती आणि समोर पाणीच पाणी. खाली बॅरेज, दारं बंद, घाटाच्या पायऱ्यांना हिरवट पाणी लागलेलं. शेवटी गोमाईच्या बाजूला कडेच्या वळणाशी हातभर पट्टा मिळाला. बसले तिथेच. मुठीत वाळू घेतली, कागदावर पसरली, कागदाखालून चुंबक फिरवलं.

हा खेळ ज्याने केला नाही त्याने एकदा करावा. भुरकट दिसणाऱ्या वाळूतून काळे कण उठून उभे राहतात, मिशीसारखे, आणि चुंबक सरकेल तसे सरकतात. तो मॅग्नेटाइट. आपला हा सगळा मुलूख काळ्या कातळाचा. कातळ झिजला की त्यातलं हे लोखंडी खनिज सुटं होतं आणि नदीला लागतं. नदीत ते पसरलेलं असतं, शंभरात थोडं. समुद्रावर लाट ते पाखडते. सुपात धान्य पाखडताना फोल पुढे उडतं आणि दाणा मागे राहतो, तसे हलके कण लाट ओढून नेते आणि जड काळे वर राहतात. डुमसची वाळू काळी ती यामुळे. भूत वगैरे काही नाही. डुमसची डबी उघडून तिच्यावर चुंबक धरलं तर काळ्याचा झुबकाच चिकटला. प्रकाशाच्या चिमटीत जे विरळ होतं तेच इथे दाट.

आता सगळी डुमसची वाळू तापीचीच, असं मी म्हणणार नाही. खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी इतकी जबर की कुठला गाळ कुठे नेऊन टाकेल सांगता येत नाही. पण कागदावरचे ते काळे कण बघताना सासर-माहेरची गाठ पडल्यासारखं वाटलं खरं.

रात्री शहाद्याला मावशीकडे. शेवभाजी, आणि मावशीचा एकच प्रश्न : "इतल्या उनमा नदीवर काय ठेयेल शे व माय?"

दिवस दुसरा : सारंगखेडा

मावशीने निघताना ओढणीच्या टोकाला कांदा बांधला. लू लागू नये म्हणून. शिकलेल्या मुलीने याला हसावं अशी पद्धत आहे; मी मुकाट्याने बांधू दिला. तापमान चव्वेचाळीस.

सारंगखेडा म्हटलं की दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. तो मार्गशीर्षात. वैशाख तोंडावर आला की तिथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. इथेही बॅरेज. प्रकाशा, सारंगखेडा, त्याच्या वर सुलवाडे, अशी एकामागून एक अडवलेली तापी. शेतीला पाणी मिळालं, काठच्या गावांत ऊस-केळी आली, हे मी डोळ्यांनी पाहते आहे, त्यामुळे उगाच नाक मुरडणार नाही.

काठावर निंबाखाली एक भोई आबा जाळं विणत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. मी वाळूचं विचारलं तर सुई न थांबवता म्हणाले, "रेती ते पानीखाले गई. आते कोठे दिखी?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी फोनवर टेप करून घेतलं, आणि त्याच्यासाठीच हा दिवस लिहितेय. नदी मोकळी होती तेव्हा दिवाळीनंतर पात्र उघडं पडायचं. प्रत्येक घराचा वाळूचा पट्टा ठरलेला. पौषाच्या आसपास त्यात खड्डे घ्यायचे, ओल लागेपर्यंत, कधी गुडघाभर, कधी कमरेइतके. तळाला शेणखत, त्यावर गाळाची माती, आणि त्यात टरबूज, डांगर म्हणजे खरबूज, काकडीचं बी. वेल वाळूवर पसरायचा, मुळं खाली पाण्याकडे जायची. दिवसा वाळू भाजायची, रात्री गार पडायची, आणि त्या तापण्या-निवण्यातून डांगराला गोडी यायची. वाऱ्याने वाळू वेलावर येऊ नये म्हणून तुराट्यांचं कुंपण. रात्री कोल्ह्यांपासून राखण करायला खाटेवर झोपायचं. "आखाजीले आमना डांगर घर घर जायेत," आबा म्हणाले. आखाजीला वडिलांच्या नावाने भरतात त्या घागरीवर ठेवायला. पैसे देणारे पैसे देत, दाणे देणारे दाणे.

"आता कुठून येतात?"

"गाडीवर येतस. बाजारमा." एवढं बोलून सुई परत चालू.

मी त्यांना डुमसचे फोटो दाखवले. समुद्र बघितला नव्हता त्यांनी. खेकड्याच्या गोळ्यांचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला, मग काळ्या वाळूचा. आमच्याकडून गेलेली आहे म्हटल्यावर मिशीत हसले. "तुन्हा समुद्रले सांग, आमनी रेती आमले परत दे."

मी म्हटलं, "आबा, समुद्रालाही मिळत नाहीये."

त्यांनी पहिल्यांदा सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं.

जाळ्यावरच्या त्यांच्या हाताचा फोटो चांगला आला आहे. बोटांच्या पेरांना दोऱ्याने पडलेल्या खाचा, आणि नखात नदी.

दिवस तिसरा : मुडावद

लिहिण्यासारखं फार नाही. शिरपूरहून भाच्याच्या मोटरसायकलवर आले, पुलावरून तापी ओलांडली, वाट चुकलो, एका शेतात पंक्चर झालं. मुडावदला पांझरा तापीला मिळते, काठाला कपिलेश्वराचं जुनं मंदिर आहे, दगडाची पायरी त्या उन्हातही आत गार. पांझरा ठणठणीत कोरडी. डबी क्रमांक तीन भरली. इथली वाळू भरड, हातात टोचणारी.

पांझरेवर वरच्या अंगाला जुने फड आहेत. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि गावाने मिळून ठरवलेले फड : यंदा कोणत्या फडात कोणतं पीक, पाणी कोणाला आधी, कोणाला नंतर. पाटकरी आणि जागल्या गावानेच नेमलेले. तीनशे-चारशे वर्षांची ही पद्धत धुळे-नाशिककडे चालत आली. भाच्याला ते सांगत होते, तो म्हणाला, "मावशी, पाण्याची वाटणी जमली मग वाळूची का नाही जमत?" मी म्हटलं पंक्चर काढ आधी.

ट्रायपॉडच्या पायात वाळू गेली. खालचा भाग आता बाहेरही येत नाही आणि आतही जात नाही. समुद्रावर इतकी वर्षं सांभाळला, खारं पाणी, चिखल, सगळं सोसलं त्याने, आणि माहेरच्या नदीने गेला.

दिवस चौथा : गिरणा

जळगावला मामेभावाकडे मुक्काम. पहाटे साडेचारला त्याच्याबरोबर गिरणेवर गेले. गिरणा येते कळवणच्या बाजूने, सह्याद्रीतून, आणि जळगावच्या पुढे तापीला मिळते. लहानपणी मामाच्या गावाला आलो की या पात्रात आम्ही पळायचो. चटके बसायचे म्हणून पळत सुटायचं, मध्येच टाच खुपसून खालची ओली वाळू गाठायची. हाताने झिरा खणला तर वीतभर खाली पाणी लागायचं, आणि ते पाणी बायका फडक्याने गाळून घरी न्यायच्या.

अंधारात आधी आवाज आला. एक, दोन, मग मोजायचं सोडून दिलं. दिवे न लावता ट्रॅक्टर पात्रात उतरत होते. फावड्याचा खसाखस, ट्रॉलीवर वाळू आपटल्याचा धप्प. भाऊ म्हणाला, एका ट्रॉलीत जवळपास एक ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रॉयल्टीची पावती असली तर असली.

उजेड झाल्यावर पात्र दिसलं, आणि मला ते पात्र वाटेना. खड्डे, खड्ड्यांच्या मध्ये उंचवटे, काही ठिकाणी वाळू संपून पिवळी माती आणि मुरूम उघडा पडलेला. आमची टाच खुपसायची जागा कुठली, ते भावालाही सांगता येईना. काठाच्या विहिरी खाली गेल्या आहेत, तेही तोच म्हणाला. वाळू म्हणजे नदीचा माठ आहे शेवटी. पावसाचं पाणी ती धरून ठेवते आणि आजूबाजूच्या विहिरींना हळूहळू देत राहते. माठ फोडला तर पाणी कुठे राहणार.

मला जे खरं डाचतंय ते इथे सांगते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उपसायला १९९१ पासून, किनारा नियमनाची अधिसूचना आली तेव्हापासून, बंदी आहे. थोडे अपवाद आहेत. डुमसला कोणी फावडं घेऊन आलं तर आम्ही आरडाओरडा करू शकतो. तीच वाळू शेकडो किलोमीटर वर नदीत असते तेव्हा ती गौण खनिज, तिचे घाट, म्हणजे उपशाचे पट्टे, पाडून लिलाव होतात. कागदावर नियम इथेही आहेत : यंत्र लावायचं नाही, पुलाजवळ खणायचं नाही, पावसाळ्यात उपसा बंद. पण किनारा वाचवायला निघालेल्या आमच्या गटातल्या एकालाही, माझ्यासकट, गिरणेचा लिलाव कधी होतो ते ठाऊक नव्हतं. आम्ही नळाखाली बादली धरून बसलोय आणि टाकी कोण रिकामी करतंय ते बघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये म्हटलं की जगात दरवर्षी पन्नास अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. पन्नास अब्ज मला कळत नाही. काळोखात मोजता मोजता सोडून दिलेले ट्रॅक्टर कळतात.

आणि मायच्या घराचा नवा ओटा याच वाळूचा असणार. माझ्या सुरतच्या फ्लॅटचं तर विचारूच नका.

फोटो काढत होते तर एक पोरगा आला. वीस-बावीसचा, डोक्याला रुमाल, खांद्याला फावडं. "कोनले दखाडशी?" कोणाला दाखवणार. भाऊ पुढे झाला, मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी समुद्राचे फोटो काढते. पोरगा माझ्याकडे, मग कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, आमचे चेहरे काढून टाका ताई, आम्हाला खेपेवर पैसे मिळतात, मालक वेगळा आहे. मी त्याच्यासमोरच चेहऱ्यांचे फोटो पुसले. त्याच्या पायांचा एक ठेवला आहे, घोट्यापर्यंत वाळूत. तो त्याला दाखवून, विचारून.

डबी क्रमांक चार. भरताना अवघडल्यासारखं झालं, उगाच चोरी केल्यासारखं.

दिवस पाचवा : चांगदेव, हतनूर

मुक्ताईनगरच्या एसटीत एका बाईच्या मांडीवर बसलेल्या कोंबडीने माझी ओढणी खाल्ली. कांद्याचं टोक.

चांगदेवला तापीत पूर्णा मिळते. हेमाडपंती मंदिर, महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. खाली हतनूरचं धरण, १९८२ मध्ये पूर्ण झालेलं, एक्केचाळीस दरवाज्यांचं. हिवाळ्यात या फुगवट्यावर चक्रवाक आणि लालसरी उतरतात, तेव्हा दुर्बिणीवाले गर्दी करतात. एप्रिलअखेर कोणी नाही. मी आणि नाववाले दादा.

पाणी ओसरून मध्ये वाळूचं एक लांबट बेट उघडं पडलं होतं. सकाळचे साडेसात. नाव लांबच थांबवली, आणि दुर्बिणीतून बघते तर नदी सुरय. काळी टोपी, पिवळीधमक चोच, लाल पाय, आणि शेपटीला लांब दोन टोकं. आठ-दहा पक्षी बेटावर बसलेले, म्हणजे अंड्यांवर. या पक्ष्याचं घरटं म्हणजे वाळूत छातीने दाबून केलेली बशी, दुसरं काही नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. दोन हातांवर असली तरी दिसत नाहीत आणि पाय पडल्यावर कळतं.

माझी लेन्स त्या अंतराला अपुरी होती. आणखी वीस-तीस फूट गेलं असतं तर फोटो झाला असता, आयुष्यभर भिंतीवर लावावा असा. दादांनी वल्हं पाण्यात घातलंही. तेवढ्यात एक सुरय उठला, आमच्या डोक्यावरून ओरडत गेला, आणि त्याच्या मागून बाकीचे.

सकाळी साडेसातलाही त्या वाळूवर हात ठेववत नाही. अंड्यावर ऊन पडू नये म्हणून हा पक्षी नुसती सावली धरून उभा राहतो दुपारभर. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि येऊन अंड्यांवर बसतो. आम्ही ओल्या फडक्याने माठ गुंडाळतो तसं. आम्ही तिथे दहा मिनिटं थांबलो तर दहा मिनिटं अंडी उघडी. मी दादांना म्हटलं, मागे घ्या. ते म्हणाले, "इतल्या दूरथीन उनी आनि आते परत?" मी म्हटलं हो.

लांबच्या काठाला जाऊन अर्धा तास वाट पाहिली. एकेक करून सगळे खाली बसले. एक तर पाण्याला पोट टेकवून, थेंब गाळत आला, आणि दोनदा अंग हलवून बसला. फोटो आहे, पण त्यात उन्हाची झळ इतकी की पक्षी पाण्याखाली असावा तसा थरथरतोय. स्पर्धेला पाठवायच्या लायकीचा नाही.

डुमसला अशीच वाळू आहे, मोकळी, रुंद, आणि रविवारी तिच्यावर गाड्या फिरतात. रुततात, मग ट्रॅक्टर आणून ओढतात. तिथे चिखल्या पक्षी ओहोटीमागे धावताना मी शेकडो वेळा टिपले आहेत. घरटं मात्र एकदाही दिसलं नाही, आणि आजवर मला वाटायचं की मीच नीट शोधत नाही.

परत येताना दादांनी सांगितलं की दरवाजे उघडतात-मिटतात तसं पाणी खालीवर होतं. कधी कधी सकाळी येऊन बघावं तर बेटच नाही. त्यांनी ते, आज बाजार आहे, अशा सुरात सांगितलं. दोन डब्या भरल्या, तापीची वेगळी, पूर्णेची वेगळी. संध्याकाळी भुसावळहून गाडी, आणि रात्री दहाला अमळनेर. भाऊ स्टेशनवर आला होता. घरी पोचले तेव्हा अंगणात निंबाला झोका बांधलेला आणि माझी पोरगी, दुपारीच येऊन पोचलेली, मामाच्या पोरींबरोबर त्यावर. अकरा वाजता. मायने मला बघून पहिलं विचारलं, "रेती लयनी का?"

दिवस सहावा : आखाजी

लयनी होती. थैलीत दोन किलो, तापीकाठच्या पाडळशाकडून येताना भावाने गाडी थांबवली तिथली. पण रात्री झोपेत पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि मी उशिरा उठले. पाच दिवसांचं ऊन अंगात होतं.

बाहेर आले तर घागर भरून झालेली. कोरी मातीची घागर, तिच्यावर छोटा करा, त्यावर डांगर, आंबे, सांजोऱ्या. वडिलांच्या नावाने. तिच्याखाली वाळूचं गोल आळं, हाताने थोपटून सारखं केलेलं, आणि ते मला जरा ओळखीचं वाटलं. थैलीतली वाळू भरड आणि भुरी होती. ही बारीक, आणि मधे मधे काळी.

ओट्यावर सात डब्या पालथ्या घातलेल्या. लेबलं पाण्याने सुटून एकीला दुसरीचं चिकटलेलं. प्रकाशा, सारंगखेड्याची एका खळग्यातून मिळालेली चिमूट, मुडावद, गिरणा, तापी, पूर्णा, डुमस.

"तुन्ह्या डब्या धुई ठेयेल शेतस," माय म्हणाली. "थैलीमधली रेतीमा खडाच खडा व्हतात. हाई चांगली निघनी. त्यामा काळी ते एकदम बारीक शे, कोठली शे?"

मी सांगितलं कोठली ते. तिने हातातली पळी तशीच धरून घागरीखाली वाकून बघितलं. "समुद्रनी?" मग पदराने कपाळ पुसलं. "खारी ते नही ना?"

डांगर कुठून आणलं हे मी विचारलं. भाऊ म्हणाला बाजारातून. शेतातलं आहे, ठिबकवरचं, प्लॅस्टिकच्या कागदावर वाढवलेलं. दिसायला अगदी सारखं, गोल, रेघा नीट. वास घेतला. वासही होता थोडा.

घागर पाझरायला लागली होती. कोरी असते तेव्हा पहिला दिवसभर पाझरते. ओल खालून वाळूत उतरत होती आणि आळ्याच्या कडेकडेने काळी रेघ रुंद होत चालली होती. माझी पोरगी ते चुंबक घेऊन आली आणि घागरीपाशी उकिडवी बसली. मी कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावली, ट्रायपॉड नाही म्हणून पोटावर आडवी झाले, श्वास धरला.

"ऊठ व माय," माय म्हणाली, "पाहुनास्ना ताट वाढाना शेतस. रस पातळ व्हई जाई."